चांदीचा डोंगर आणि रिकामे घर

एकादशीच्या फराळाचे ताट क्षणभर डोळ्यांपुढे आणा. बटाट्याची भाजी, दाण्याचे कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस आणि या सगळ्यात कुठे ना कुठे हिरवी मिरची. आपल्या आजी-पणजींनी ज्या जिनसांना उपवासात मानाचे पान दिले, त्यांतली एकही मुळात या मातीतली नाही. बटाटा, भुईमूग, रताळे, मिरची आणि ज्या कंदापासून आपल्याकडे साबुदाणा करतात तो कंद, हे सारे अमेरिका खंडातले पाहुणे. पोर्तुगिजांच्या आणि त्यांच्यामागून आलेल्या इतर फिरंग्यांच्या गलबतांतून ते इकडे आले आणि घरचेच होऊन बसले. 'बटाटा' हा शब्ददेखील आपण पोर्तुगिजांकडूनच घेतला. या बटाट्याचे माहेर अँडीज पर्वतात, टिटिकाका सरोवराच्या आसपास आहे. भुईमुगाचे माहेर त्याच पर्वताच्या पायथ्याशी, दक्षिण बोलिव्हिया आणि उत्तर अर्जेंटिना यांच्या सीमेवर.

ज्या देशाच्या अंगणातून आपल्या स्वयंपाकघरात एवढे आले, त्या बोलिव्हियाची आपल्याला माहिती तरी किती? शालेय भूगोलात दोन ओळी: चारी बाजूंनी जमिनीने वेढलेला देश, मुख्य खनिज कथील. मी चंद्रपूरला तेहेतीस वर्षे भूगोल शिकवला. या दोन ओळी फळ्यावर लिहिताना त्यांच्यामागे केवढा ऐवज दडला आहे, असे मला दर वेळी वाटत असे. माझ्या वर्गात कोळसा खाणीत कामाला जाणाऱ्यांची मुले असत. जमिनीखाली संपत्ती असणे आणि घरात संपत्ती असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना पुस्तकातून शिकवावे लागत नव्हते. तरीही पोतोसीच्या चांदीचा विषय निघाला की एखादा मुलगा हात वर करून विचारायचाच, "सर, मग तिथले लोक खूप श्रीमंत असतील ना?"

या प्रश्नाचे उत्तर एका तासिकेत बसत नाही. निवृत्तीनंतर, मुलगी आणि जावई नोकरीनिमित्त साओ पावलोला असताना, २०१८ सालच्या सप्टेंबरात सौ. आणि मी तीन आठवडे बोलिव्हियात हिंडून आलो. प्रवासवर्णन लिहिण्याचा हेतू नाही. ती पुष्कळ लिहिली जातात. पण जो देश मी नकाशावर काठी ठेवून दाखवत असे, तो पायांखालून गेल्यावर त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर थोडे अधिक उमगले. तेच आज वाचकांपुढे ठेवतो आहे.

तीन मजली देश

बोलिव्हियाचे क्षेत्रफळ सुमारे ११ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या साडेतीन पट. लोकसंख्या मात्र २०२४ च्या जनगणनेनुसार १ कोटी १३ लाखांच्या आसपास. एकट्या मुंबईत यापेक्षा अधिक माणसे राहतात. एवढ्या ऐसपैस जागेत इतकी थोडी माणसे, तरी हा दक्षिण अमेरिकेतल्या सर्वांत गरीब देशांपैकी एक. हे कोडे सोडवायचे तर आधी या देशाची बांधणी पाहायला हवी. बोलिव्हिया हे एक तीन मजली घर आहे, असे समजा.

तळमजला पूर्वेकडे. ॲमेझॉनचे अरण्य, पावसाळ्यात पाण्याखाली जाणारी गवताळ मैदाने आणि दक्षिणेला चाको नावाचा कोरडा, काटेरी प्रदेश. देशाची जवळजवळ दोन तृतीयांश जमीन या मजल्यावर आहे. मधला मजला म्हणजे डोंगरउतार आणि खोरी. युंगास नावाच्या दमट, हिरव्यागार उतारांवर कॉफी, फळे आणि कोकाची झुडपे होतात, तर कोचाबांबाच्या सुपीक खोऱ्यात धान्य पिकते. आणि सर्वांत वरचा मजला म्हणजे आल्तिप्लानो. अँडीजच्या दोन रांगांमध्ये, समुद्रसपाटीपासून पावणेचार हजार मीटरच्या आसपास पसरलेले हे थंड, वाऱ्याने झोडपलेले पठार. आपले कळसूबाई शिखर १,६४६ मीटर उंच. सरकारचे ठाणे असलेले ला पाझ शहर त्याच्या दुपटीहून अधिक उंचीवर वसलेले आहे. कागदोपत्री राजधानी सुक्रे, सर्वोच्च न्यायालयही तिथेच. पण राष्ट्राध्यक्ष आणि संसद ला पाझला.

तळमजल्यावरच्या सांता क्रूझहून आम्ही विमानाने तासाभरात वर पोहोचलो. ला पाझचा विमानतळ चार हजार मीटरहून अधिक उंचीवर, एल आल्तो या शेजारच्या शहरात आहे. विमानातून उतरून सामान घेईपर्यंत डोके जड झाले आणि दहा पावले चालल्यावर धाप लागली. उतरलो होतो तिथल्या बाईंनी न विचारता कोकाच्या पानांचा कढत काढा पुढे केला. ज्या पानांपासून कोकेन काढतात तीच ही पाने. पण नुसती चघळली किंवा उकळून प्यायली तर थकवा आणि भूक मारणारा हा डोंगराळ माणसांचा जुना सोबती आहे. तंबाखू-चुना चोळणाऱ्या माझ्या पिढीला त्यातली आपुलकी समजावून सांगावी लागत नाही. पाने चघळण्याच्या या रिवाजासाठी बोलिव्हिया आंतरराष्ट्रीय अमली पदार्थ करारातून बाहेर पडला आणि २०१३ साली तेवढी सवलत राखूनच परत आत आला.

ला पाझ हे शहर एका खोल द्रोणात आहे. आपल्याकडे टेकडीवर बंगले आणि पायथ्याशी वस्ती असे चित्र असते. इथे उलटे! श्रीमंत माणसे द्रोणाच्या तळाशी, जिथे हवा जरा दाट आणि थंडी कमी. आणि गरीब माणसे वरच्या काठावर, एल आल्तोच्या विटांच्या घरांत. वरून खाली कामाला येण्यासाठी पूर्वी तासन्‌तास गाडीत काढावे लागत. २०१४ साली तिथे विजेवर चालणारे आकाशपाळणे सुरू झाले आणि पाहता पाहता त्यांचे दहा मार्ग झाले. हौसेसाठी नव्हे, तर आपल्या लोकलसारखे, रोजच्या नोकरीसाठी. डबे घेतलेले कारकून, दप्तरे घेतलेली मुले, घेरदार परकर नेसून डोक्यावर गोल टोपी घातलेल्या आयमारा बायका, अशा सगळ्यांसोबत आम्ही घरांच्या छपरांवरून तरंगत गेलो. समोर ६,४३८ मीटर उंचीचे इयिमानी शिखर बर्फाने लखलखत होते.

या वरच्या मजल्याचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. इथले पाणी समुद्राला मिळतच नाही. ३,८१२ मीटरवरच्या टिटिकाका सरोवरातून देसाग्वादेरो नदी निघते आणि दक्षिणेला पोओपो नावाच्या उथळ सरोवरात जाऊन थांबते. थांबत असे, असे म्हणायला हवे. खाणींना आणि शेतीला वळवलेले पाणी, वाढती उष्णता आणि दुष्काळ यांमुळे पोओपो कोरडे पडल्याचे डिसेंबर २०१५ मध्ये जाहीर झाले. पिढ्यान्‌पिढ्या त्यावर मासेमारी करणारे उरू लोक मीठ आणि मजुरी शोधत पांगले.

आता या घराची अडचण लक्षात येईल. मौल्यवान खनिजे वरच्या मजल्यावर, शेतजमीन तळमजल्यावर, मधला जिना अत्यंत अवघड, आणि समुद्राकडे उघडणारे दार मुळी नाहीच.

पोतोसीचा डोंगर

१५४५ साली आजच्या दक्षिण बोलिव्हियात एका सुबक, शंकूच्या आकाराच्या डोंगरात स्पॅनिश लोकांना चांदी सापडली. डोंगराचे नाव पडले सेरो रिको, म्हणजे श्रीमंत डोंगर. त्याच्या पायथ्याशी, सुमारे चार हजार मीटर उंचीवर, जिथे धड गवतही उगवत नाही तिथे, पोतोसी शहर उभे राहिले. सतराव्या शतकाच्या आरंभी तिथे १ लाख ६० हजार माणसे राहत होती, असे सांगतात. युरोपातल्या मोठमोठ्या शहरांच्या पंक्तीला बसणारी ही संख्या. एखाद्या वस्तूचे मोल अपार आहे असे सांगायचे असेल तर स्पॅनिश माणूस आजही 'ती एका पोतोसीच्या मोलाची आहे' असे म्हणतो.

हे मोल कोणी चुकवले? १५७० च्या दशकात फ्रान्सिस्को दे तोलेदो या स्पॅनिश व्हाइसरॉयने 'मिता' नावाची वेठ लागू केली. ठरलेल्या प्रांतांतल्या गावांनी दर वर्षी आपल्या कर्त्या पुरुषांपैकी सातवा हिस्सा, म्हणजे एकूण सुमारे तेरा हजार माणसे, पोतोसीला धाडायची. शेकडो किलोमीटर चालत, बायकामुले आणि लामांचे तांडे घेऊन ही माणसे येत. कच्च्या धातूतून चांदी वेगळी करण्यासाठी पेरूतल्या वांकावेलिका येथून पारा येई. त्याची विषारी वाफ फुप्फुसांत जाई. खाणीत जगवणारे अन्न म्हणजे 'चुन्यो': बटाटे रात्रीच्या कडाक्याच्या गारठ्यात गोठवायचे, दिवसा पायांनी तुडवून पाणी काढायचे आणि उन्हात वाळवायचे. वर्षानुवर्षे टिकणारा हा वाळवणाचा प्रकार आजही तिथल्या बाजारात गोटे ठेवावेत तसा ढिगाने दिसतो.

पोतोसीची चांदी स्पेनमध्ये थांबली नाही. युद्धांच्या कर्जापायी ती युरोपभर गेली आणि तिथून पूर्वेकडे वळली. युरोपला आपले कापड, मिरी, नीळ हवी होती. आपल्याला त्यांच्या मालात फारसा रस नव्हता. मग व्यापारी चांदीच आणत. गोव्याला पोर्तुगीज आणत, सुरतेला इंग्रज आणि डच. मनिलामार्गे दुसरा ओघ चीनकडे जाई. सुरतेच्या टांकसाळीत परदेशी नाणी वितळवून मोगली रुपये पाडले जात. शिवाजीमहाराजांनी १६६४ मध्ये आणि पुन्हा १६७० मध्ये सुरतेवर छापा घातला, तेव्हा तिथल्या सावकारांच्या पेट्यांत या डोंगरातल्या चांदीचा अंश असणार, असे मानायला पुरेपूर जागा आहे. अर्ध्या पृथ्वीची फेरी करून आलेले ते चांदीचे कण अखेर स्वराज्याच्या कामी आले असतील.

आज पोतोसी युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे, १९८७ पासून. २०१४ साली त्याचे नाव धोक्यातल्या वारशांच्या यादीत गेले, कारण पाचशे वर्षे पोखरलेल्या त्या डोंगराचा माथा खचतो आहे. तरी खाणकाम चालूच आहे. सहकारी संस्थांचे खाणकामगार जस्त, शिसे आणि उरलीसुरली चांदी काढतात. आम्ही खाणीच्या तोंडापर्यंत गेलो. वाटेत खाणकामगारांच्या बाजारात पाहुण्यांनी भेट म्हणून कोकाची पाने, थंड पेयाच्या बाटल्या आणि चक्क सुरुंगाच्या कांड्या विकत घ्यायची पद्धत आहे. आत बोगद्यात 'तिओ' म्हणजे काका या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शिंगे असलेल्या दैवताची मूर्ती असते. तिच्या ओठांत सिगारेट पेटवून ठेवतात आणि पायाशी कोकाची पाने व मद्य वाहतात. जमिनीवर देवाचे राज्य, पण जमिनीखाली मालकी काकाची, अशी श्रद्धा. आमचा वाटाड्या पूर्वी खाणीतच काम करत असे. वडील कशाने गेले हे त्याने छातीवर हात ठेवूनच सांगितले. शब्दाची गरज पडली नाही. सिलिकेच्या धुळीने होणारा छातीचा आजार खाणीच्या गावातल्या माणसाला सगळीकडे ओळखता येतो.

समुद्र गेला, कथील आले

६ ऑगस्ट १८२५ रोजी बोलिव्हिया स्वतंत्र झाला आणि मुक्तिदाता सिमोन बोलिव्हार याचे नाव त्याने धारण केले. त्या वेळी या देशाला समुद्र होता. अताकामा वाळवंटात सुमारे ४०० किलोमीटरचा किनारा होता. तिथे सोरा, म्हणजे खतासाठी आणि दारूगोळ्यासाठी लागणारे नायट्रेट, विपुल होते. ते खणणारे भांडवल आणि मजूर मुख्यतः चिलीकडचे. १८७८ साली बोलिव्हियाने सोऱ्यावर क्विंटलमागे दहा सेंटांचा कर बसवला. एवढ्यावरून ठिणगी पडली, १८७९ मध्ये चिलीने अंतोफागास्ता बंदर घेतले, आणि त्या युद्धाअखेर सगळा किनारा गेला. १९०४ च्या तहाने ते कायम झाले. भरपाईदाखल चिलीने आरिका बंदर ते ला पाझ असा रेल्वेमार्ग बांधून दिला.

त्याच सुमारास उत्तरेला रबराची झाडे असलेला आक्रे प्रांत १९०३ साली ब्राझीलकडे गेला, आणि १९३२ ते १९३५ च्या भीषण युद्धात चाकोचा मोठा भाग पॅराग्वेने घेतला. स्वातंत्र्याच्या वेळच्या भूमीपैकी जवळजवळ निम्मी अशी हातची गेली. तरीही बोलिव्हियाचे आरमार आहे! त्याच्या नौका टिटिकाका सरोवरात आणि नद्यांत फिरतात. दर वर्षी २३ मार्चला 'समुद्रदिन' पाळतात आणि शाळकरी मुले कधीही न पाहिलेल्या समुद्रासाठी मिरवणुकीत चालतात. आम्ही परत आलो आणि काही दिवसांतच, १ ऑक्टोबर २०१८ रोजी, हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने निकाल दिला की समुद्राबाबत वाटाघाटी करण्याचे बंधन चिलीवर नाही. हा प्रश्न केवळ भावनेचा नाही. प्रत्येक पोते आणि प्रत्येक टन धातू दुसऱ्याच्या बंदरातून पाठवायचा म्हटला की भाडे, वेळ आणि लाचारी तिन्ही वाढतात.

चांदी ओसरली तेव्हा कथिलाचे दिवस आले. डबाबंद अन्नासाठी आणि डाग देण्यासाठी जगाला कथील हवे होते. कोचाबांबाकडच्या सामान्य घरात जन्मलेल्या सिमोन पातिन्यो याला १९०० च्या सुमारास यायाग्वा येथे अतिशय समृद्ध थर सापडला आणि तो जगातल्या सर्वांत धनवान माणसांपैकी एक झाला. पण गंमत पाहा: खनिज बोलिव्हियाचे, मालकही बोलिव्हियाचा, आणि ते गाळण्याचा त्याचा कारखाना इंग्लंडात, लिव्हरपूलजवळ. त्याचे वास्तव्यही पुढे परदेशातच. देशात ओरुरोजवळ विंतो येथे सरकारी भट्टी पेटायला १९७१ साल उजाडले. मधल्या काळात १९५२ ची क्रांती झाली. खाणी राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या, पुढच्या वर्षी जमीनसुधारणा आली, आणि निरक्षर आदिवासींनाही मताचा हक्क मिळाला. ही कमाई लहान नव्हती.

मग १९८५ चे वर्ष आले. महागाईने वर्षाला हजारो टक्के असा उच्छाद मांडला. पगार हातात पडताच बाजाराकडे धावावे, नाहीतर संध्याकाळी तेवढ्यात पावही येणार नाही, अशी गत झाली. त्यातच ऑक्टोबरमध्ये कथिलाचा जागतिक भाव कोसळला. सरकारी खाणींतले वीस हजारांवर कामगार घरी बसले. काहींनी एल आल्तोची वाट धरली, काही चापारेच्या जंगलात कोका लावायला गेले. आज एल आल्तो ला पाझच्या तोडीचे शहर आहे, त्याचे एक मूळ या बंद खाणींत सापडते.

ठेव मोडून चाललेला संसार

तिसरी लॉटरी नैसर्गिक वायूची. १९९० च्या दशकाअखेर दक्षिणेला मोठे साठे सापडले आणि १९९९ साली ब्राझीलपर्यंत नळ गेला. २००३ मध्ये हा वायू चिलीच्या बंदरातून परदेशी पाठवण्याची योजना निघाली, तेव्हा एल आल्तोची माणसे रस्त्यावर उतरली. 'पुन्हा पोतोसी नको' हा त्यामागचा भाव होता. साठाहून अधिक माणसे मारली गेली आणि राष्ट्राध्यक्षांना देश सोडून जावे लागले. २००६ साली कोका शेतकऱ्यांचे पुढारी इव्हो मोरालेस हे देशाचे पहिले आदिवासी राष्ट्राध्यक्ष झाले. त्याच वर्षी १ मे रोजी त्यांनी वायुक्षेत्राचे राष्ट्रीयीकरण केले.

पुढची दहा वर्षे खरोखर बरी गेली. वृद्धांना निवृत्तिवेतन मिळू लागले, शाळकरी मुलांना भत्ता, रस्ते झाले. २००५ च्या सुमारास दर दहांपैकी सहा माणसे दारिद्र्यरेषेखाली होती, दशकभरानंतर चार. २००९ च्या घटनेने स्पॅनिशबरोबर ३६ आदिवासी भाषांना राजभाषेचा दर्जा दिला. ला पाझच्या कचेऱ्यांत आयमारा आजींना त्यांच्या भाषेत उत्तर मिळताना मी पाहिले आहे.

पण संसाराचा हिशेब दुसऱ्या बाजूने बिघडत होता. पेट्रोल-डिझेलचा भाव सरकारने वर्षानुवर्षे गोठवून ठेवला आणि फरक तिजोरीतून भरला. नवे साठे शोधण्याकडे दुर्लक्ष झाले. २०१४ च्या सुमारास कळस गाठलेले वायूचे उत्पादन पुढच्या दहा वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आले. परकीय चलनाची गंगाजळी सुमारे १,५०० कोटी डॉलर होती. २०२३ पर्यंत ती २०० कोटींच्या खाली गेली. एकेकाळचा इंधन निर्यात करणारा देश डिझेलसाठी रांगेत उभा राहिला. २०२५ मध्ये महागाई वीस टक्क्यांच्या वर गेली, आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरात मतदारांनी मोरालेस यांच्या पक्षाला बाजूला सारून रॉद्रिगो पाझ यांना निवडले. मुदतठेव मोडून घरखर्च भागवणाऱ्या कुटुंबाची जी गत होते, तीच या देशाची झाली. ठेव परक्याने लुटली नव्हती. घरच्यांनीच, चांगल्या कामासाठी का होईना, खर्चून टाकली होती.

मिठाचे रण आणि आपली स्कूटर

आता चौथी लॉटरी समोर आहे. उयुनीचे मिठागर हे जगातले सर्वांत मोठे: दहा हजार चौरस किलोमीटरहून अधिक, जवळजवळ तीन गोवे मावतील एवढे. सप्टेंबरात ते कोरडे असते. क्षितिजापर्यंत पांढरी षट्कोनी चौकट, आणि पायाखाली कुरकुरणारे मीठ. सौ. म्हणाली, "एवढे मीठ आणि लोणचे घालायला कैरी नाही!" या मिठाच्या थरांखालच्या खाऱ्या पाण्यात लिथियम आहे. मोबाइलपासून विजेवरच्या स्कूटरपर्यंत सगळ्या बॅटऱ्यांचा हा प्राण. बोलिव्हियातल्या लिथियमचा अंदाज दोन कोटी टनांच्या वर आहे, आणि ज्ञात साठ्यांत तो जगातला सर्वांत मोठा गणला जातो.

मग हा देश तरला का? इतक्यात नाही. या पाण्यात मॅग्नेशियमचे प्रमाण फार, ते वेगळे करणे कटकटीचे. पावसाळ्यात मिठागर पाण्याखाली जाते, त्यामुळे चिलीच्या कोरड्या वाळवंटासारखे बाष्पीभवन होत नाही. शिवाय भूतकाळाचे ओझे आहेच. 'नुसता कच्चा माल देणार नाही, बॅटरी इथेच करू' हा २००८ पासूनचा निर्धार रास्त. पण त्यासाठी लागणारे तंत्र आणि भांडवल बाहेरचे. २०१९ साली पोतोसीतल्या निदर्शनांनंतर एका जर्मन कंपनीबरोबरचा करार रद्द झाला. त्याच वर्षी राष्ट्रपती रामनाथ कोविंद बोलिव्हियाला गेले असता भारतानेही लिथियमबाबत सामंजस्य करार केला. डिसेंबर २०२३ मध्ये एक कारखाना सुरू झाला, त्याचेही उत्पादन क्षमतेच्या मानाने अल्पच राहिले. चिली आणि अर्जेंटिना यांनी एवढ्या काळात जगाच्या बाजारात आपली दुकाने थाटली.

आपला या देशाशी दुसरा एक धागा आहे, आणि तो अधिक चमकदार आहे. अलीकडच्या वर्षांत बोलिव्हियाच्या सोन्याचे एक मोठे गिऱ्हाईक भारत आहे. २०२१-२२ मध्ये सोने त्या देशाच्या निर्यातीत वायूच्या बरोबरीने अग्रभागी होते. हे सोने बव्हंशी ॲमेझॉनकडे उतरणाऱ्या नद्यांच्या गाळातून निघते, आणि ते गोळा करायला पुन्हा तोच पारा वापरतात जो पोतोसीत चारशे वर्षांपूर्वी वापरत होते. नदीकाठच्या आदिवासींच्या शरीरात मासळीवाटे गेलेला पारा आढळला आहे. लग्नसराईत सराफाच्या पेढीवर बसताना हे आपल्याला कोणी सांगत नाही.

तळमजल्यावरही भरभराट आणि ऱ्हास हातात हात घालून चालले आहेत. सांता क्रूझ आज देशाचे सर्वांत गजबजलेले व्यापारी शहर आहे. सोयाबीन आणि गोमांस हा तिथला पैसा. पण शेतासाठी जंगल जाळण्याची रीत अशी फोफावली की २०२४ साली वणव्यांत एक कोटी हेक्टरहून अधिक प्रदेश होरपळला. याच तळमजल्याच्या पूर्व टोकाला मुतुन येथे लोखंडाचा प्रचंड साठा आहे. २००७ साली जिंदाल या भारतीय कंपनीने त्याचा करार केला आणि २०१२ मध्ये तो मोडला. आणि याच अरण्याच्या उत्तरेला एक वेगळे उदाहरणही आहे. ज्याला जग 'ब्राझील नट' म्हणते, ते सोललेले दाणे सर्वाधिक निर्यात करणारा देश बोलिव्हिया आहे. हे झाड बागेत लावून फारसे फळत नाही. त्याच्या फुलांना जंगलातल्याच मोठ्या मधमाश्या लागतात. म्हणजे जंगल उभे राहिले तरच पैसा. चांदी, कथील, वायू आणि सोने यांपैकी कशालाही ही अट नव्हती.

तर त्या मुलाला काय सांगावे? खनिज हे पीक नव्हे, ते एकदाच निघते, हा उत्तराचा पहिला भाग. ज्याच्याकडे भट्टी, बंदर आणि भांडवल, नफा त्याच्याकडे जातो, हा दुसरा. परक्यांनी लुटले हे खरेच. पण आलेला पैसा पुढच्या पिढीच्या हाताला काम देईल अशा गोष्टींत घातला नाही, तर आपल्या माणसांचे राज्यही ते रिकामे घर भरू शकत नाही, हा तिसरा, आणि तो बोलायला सर्वांत अवघड.

दर वर्षी २४ जानेवारीला ला पाझमध्ये 'आलासितास' नावाची जत्रा भरते. तिथे सगळे काही बोटभर आकाराचे मिळते: घरे, ट्रक, पदवीची प्रमाणपत्रे, नोटांची बंडले. वर्षभरात जे हवे असेल त्याची छोटी प्रतिकृती विकत घ्यायची, तिची पूजा करून घ्यायची आणि एकेको नावाच्या गुबगुबीत, मिशाळ दैवताच्या अंगावर लटकवायची. साधी, हसरी आणि हट्टी अशी ही श्रद्धा आहे. एखाद्या देशालाही त्या जत्रेत खरेदी करता येत असती, तर मी बोलिव्हियाला चांदीचा डोंगर घेऊ नकोस म्हटले असते. तो त्याने एकदा घेऊन पाहिला आहे. एक बंदर आणि एक कारखाना एवढे पुरे, आणि जागा उरली तर फुललेले एक उंच झाड.